केडगावचे कृपासदन

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. आमच्या नायगावसारख्या नांदेडच्या मुलखातील माणसाला त्या स्थानकावर उतरण्याचे प्रयोजन क्वचितच पडते. तथापि मराठी मनाच्या इतिहासात या ठिकाणाला एक विशेष स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी तेथे 'मुक्तिसदन' वसविले आणि त्याच आवारात एका इमारतीला 'कृपासदन' असे नाव दिले. समाजाने 'पतित' म्हणून ज्या स्त्रियांना उंबऱ्याबाहेर काढले होते, त्यांच्यासाठी ते घर होते. त्या घराला 'कृपा' हेच नाव का मिळाले, आणि हा शब्द रमाबाईंच्या आयुष्यात कोणत्या वाटेने आला, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

कृपा आणि क्षमा हे दोन्ही शब्द आपल्या भाषेत जुने आहेत, व त्यांमागील भावना तर त्याहूनही जुनी आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोदावरीवरून स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक मनुष्य थुंकत राहिला, नाथ प्रत्येक वेळी पुन्हा स्नानाला गेले, आणि अखेर त्या थुंकणाऱ्याचीच मान खाली गेली, असे परंपरा सांगते. तेव्हा क्षमा ही आपल्या मातीला परकी वस्तू आहे असे कोणीही म्हणू नये. फरक आहे तो निराळ्या ठिकाणी. नाथांच्या कथेत क्षमा करणारा हा साधुपुरुष आहे. त्याचे स्वतःचे चित्त शांत व निर्मळ आहे, म्हणून तो क्षमा करू शकतो. ख्रिस्ती धर्मात मात्र क्षमा करणाऱ्याला प्रथम असे सांगितले जाते की, तू स्वतःच क्षमा मिळालेला ऋणको आहेस.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील निर्दय चाकराचा दाखला याच अर्थाचा आहे. एका चाकराचे राजाला दहा हजार टॅलंट देणे होते. राजाने ते सर्व सोडले. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनार देणे असलेल्या आपल्या सोबत्याचा त्याने गळा धरला. मी जन्मभर शाळेत हिशेब शिकविले, म्हणून या आकड्यांकडे माझे लक्ष सहज जाते. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा राजाने सोडलेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. वर्षाचे तीनशे दिवस काम धरले, तरी ते फेडावयास दोन लक्ष वर्षे लागतील! सोबत्याचे देणे मात्र शंभर दिवसांचे, म्हणजे साधारण चार महिन्यांच्या कामाचे. शंभर दिनार ही गरिबाला लहान रक्कम नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दुसऱ्याने केलेला अपराध खोटा आहे किंवा क्षुल्लक आहे असे दाखला म्हणत नाही. आपल्याला जे सोडले गेले त्याच्याशी तो ताडून पाहा, एवढेच तो सांगतो.

आता रमाबाईंकडे वळू. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवावे हा त्यांचा आग्रह असे, आणि त्यापायी त्यांनी रानात आश्रम करून राहणेही पत्करले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत दक्षिणेत त्यांची अन्नान्न दशा झाली. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी हिंदुस्थान हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितसभेने रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन, ही विदुषी महाराष्ट्रात आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींनी त्यांना काही दिवस लंडनमधील फुलम येथे पाठविले. पतित म्हणून गणल्या गेलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले एक घर तेथे होते. त्या घरी रमाबाईंनी जे पाहिले, ते आपल्या आयुष्याला वळण देणारे ठरले असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. ज्या स्त्रियांची सावलीही कुलीन घरावर पडू नये असे त्यांना शिकविले गेले होते, त्याच स्त्रिया तेथे मायेने वागविल्या जात होत्या. इतकेच नव्हे, तर त्यांतील कित्येक पालटून गेल्या होत्या, व आता स्वतः आजाऱ्यांची आणि अपंगांची शुश्रूषा करीत होत्या.

रमाबाईंनी एका भगिनीला विचारले की, ख्रिस्ती लोक या बायकांची इतकी काळजी का वाहतात? त्या भगिनीने व्याख्यान दिले नाही. तिने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडून शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली ती स्त्री. तिचे पाच पती होऊन गेलेले, आणि आता ज्याच्यापाशी ती राहते तो तिचा पती नव्हे. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. अशा स्त्रीपाशी येशू पाणी मागतो, आणि खऱ्या उपासनेचे मर्म तिलाच उलगडून सांगतो.

श्रोतेहो, ज्या देशात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावरून माणसाची पायरी ठरत आली, त्या देशातील एका शास्त्र्याच्या मुलीला हे 'मला पाणी दे' कसे ऐकू आले असेल, याची कल्पना आपणच करावी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे गोष्ट संपली असती, तर ती एका धर्मांतराची गोष्ट झाली असती. परंतु रमाबाईंचे वैशिष्ट्य असे की, बाप्तिस्म्याने आपल्याला सर्व काही मिळाले असे त्यांनी मानले नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपण ख्रिस्ती धर्म जवळ केला खरा, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही. बुद्धीला पटलेल्या मतांची व विधींची एक नवी रास त्यांनी जुन्या राशीच्या जागी ठेवली होती. पापांची क्षमा ही तप करून, पुण्य साठवून किंवा लायकी सिद्ध करून मिळवावयाची नसून ती दिलेली असते, घ्यावयाची असते, हे त्यांना आता प्रथम कळले. ज्या मुलीने बाळपणी आईवडिलांबरोबर तीर्थे, व्रते आणि पारायणे केली, आणि अखेर उपासमारीने आपले माणूस माणूस जाताना पाहिले, तिला 'फुकट' या शब्दाचा अर्थ कळावयास तेहतीस वर्षे लागली, यात नवल ते काय? कमावलेल्या गोष्टीचा हिशेब राहतो, पण दिलेल्या गोष्टीपुढे मनुष्य रिकाम्या हातांनी उभा राहतो, आणि असे उभे राहणे विद्वानाला फार जड जाते.

क्षमेचा विषय मांडताना रमाबाई मऊ स्वभावाच्या होत्या असा समज मात्र होऊ देता कामा नये. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शिका. त्यांच्याशी सिद्धान्तांवरून रमाबाईंचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. परमेश्वराने मला स्वतंत्र विवेक दिला आहे, तो मी कोणत्याही पुरोहिताच्या स्वाधीन करणार नाही, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय असे. गुरुशिष्येचे नाते तुटण्यास इतके पुरे होते. पण ते तुटले नाही. लहानगी मनोरमा त्याच जेराल्डीनबाईंच्या मायेत काही काळ वाढली, आणि मायलेकी त्यांना 'आजीबाई' म्हणत राहिल्या. पुढे या आजीबाईंनीच ती सारी पत्रे, स्वतःला बोचणाऱ्या पत्रांसह, जपून व जुळवून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला वाचावयास मिळतात. आपल्यावरचा आक्षेप जपून ठेवणे हीही क्षमेची एक रीत आहे, असे मला वाटते.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. रानडे, भांडारकर यांसारखे थोर पुरुष त्याच्या सल्लागार मंडळात होते. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस येऊन बसू लागल्या, तेव्हा धर्मांतराचा संशय उठला, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणावयाचे होते, हे आज शांतपणे मान्य करावयास हरकत नाही. ज्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्यांची भीती खोटी नव्हती; आणि आपल्या प्रार्थनेचे दार बंद करून घ्यावयाचे नाही, ही रमाबाईंची भूमिकाही अप्रामाणिक नव्हती. सर्वांशी संबंध तुटले असेही नाही. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांनी १८९३ सालीच प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांच्या घरातून स्त्रीशिक्षणाचा केवढा वटवृक्ष वाढला हे सर्वविदित आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली. रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्या स्वतः त्या मुलखात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या माणसांना मज्जाव होता, तेव्हा केडगावी घेतलेल्या शेतजमिनीवर तात्पुरत्या झोपड्या व तंबू उभारून त्यांना ठेवले. मुक्तिसदन उभे राहिले ते असे. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या, आणि आश्रितांची संख्या एकोणीसशेच्या घरात गेली.

दुष्काळात मुलीबाळींना पळविणारे, विकणारे व नासविणारे हिंडत असत. केडगावी आलेल्यांपैकी कित्येक अशा हातांतून सुटून आल्या होत्या. त्यांना इतर मुलींत एकदम मिसळू द्यावे तर अडचण, आणि दारातून परत पाठवावे तर पुन्हा तोच बाजार. त्यांच्यासाठी कृपासदन झाले. फुलमला पाहिलेले घर सुमारे पंधरा वर्षांनी मराठी मुलखात उभे राहिले. तेथे नुसता आसरा नव्हता. मुक्तीच्या आवारात विणकाम, शेती, स्वयंपाक, दुग्धालय असे उद्योग होते. छापखाना होता, त्यात मुली खिळे जुळवीत. अंध स्त्रियांना वाचावयास शिकविण्याची सोय होती. ज्या हातांना कोणी शिवत नव्हते, त्यांना काम मिळाले. कृपा ही केवळ डोळे मिटून म्हणावयाची प्रार्थना नव्हे; तिला चूल, जोते, माग आणि हजेरीपट लागतो, हे केडगावने दाखविले.

येथे एक शंका मनात येईल, आणि ती आलीच पाहिजे. या स्त्रियांना 'क्षमा' कसली? अपराध त्यांचा होता की त्यांना नासविणाऱ्यांचा? शंका रास्त आहे. त्यांतील बहुतेकींवर अपराध झाला होता. त्यांनी केला नव्हता. परंतु समाजाने दोषाचे ओझे त्यांच्याच डोक्यावर ठेवले होते, आणि हळूहळू त्यांनाही ते आपलेच वाटू लागले होते. 'तू कलंकित नाहीस' हे वाक्य अशा स्त्रीला वादाने पटत नाही. ते कोणीतरी आपल्या पंगतीला बसवून घेऊनच पटवावे लागते. अपराध्याला सोडून द्यावे, असाही कृपेचा अर्थ रमाबाईंनी कधी केला नाही. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात सडेतोड पत्र लिहिले, आणि सरकार ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे आहे म्हणून भीड धरली नाही. क्षमा म्हणजे अन्यायावर घातलेले पांघरूण नव्हे. अन्यायाला अन्याय म्हटल्यावाचून क्षमा सुरूच होत नाही. ज्या देण्याची वहीत नोंदच नाही, ते सोडणार कसे?

याच काळात महाराष्ट्रातील दुसऱ्या एका घरात क्षमेची निराळी परीक्षा चालली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. त्या माउलीवर आकाश कोसळले. पुढे चार-पाच वर्षांचा वियोग घडला. त्यानंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या त्या काही मत पालटून नव्हे; आल्या तेव्हा आपले सोवळे बरोबर घेऊनच आल्या. मनुष्यामनुष्यांतील हे भेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपला आपण सोडविला, आणि मगच १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनी पतीचा लहरीपणा, संताप, स्वतःची परवड, सारे काही सांगितले आहे. काही लपविलेले नाही. परंतु त्या पुस्तकात कडवटपणा शोधू गेल्यास सापडत नाही, हसू सापडते. टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. ज्या ख्रिस्तापायी आपला संसार एकदा मोडला, त्याचेच चरित्र पतीच्या मागे लक्ष्मीबाईंनी अध्यायामागून अध्याय रचून पुढे नेले. याहून पुरी झालेली क्षमा मला तरी ठाऊक नाही.

आमच्या मराठवाड्याशीही या कथेचा एक धागा जुळतो. नायगावाहून देगलूरमार्गे दक्षिणेस गेले की बिदर लागते, आणि त्याच्या पलीकडे गुलबर्गा. हे सारे तेव्हा निजामाच्या राज्यात मोडत असे. शिक्षणाच्या बाबतीत हा मुलूख फार मागे होता. १९१२ साली मनोरमाबाईंच्या साह्याने गुलबर्ग्यास एक ख्रिस्ती शाळा निघाली. आईने केडगावी पेरलेले बी लेकीने आमच्या शेजारी आणून टोचले. मनोरमाबाई मात्र दीर्घायुषी झाल्या नाहीत. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या आईच्या आधी गेल्या. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक लेक! रमाबाई तेव्हा साध्या मराठीत बायबलाचे भाषांतर करीत होत्या. त्यासाठी हिब्रू व ग्रीक त्या उतारवयात शिकल्या होत्या. लेकीच्या मागे ते काम त्यांनी हातावेगळे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही चालू आहे.

या विषयावर बोलण्याचा अधिकार मला काय, असे कोणी विचारील. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. माझा अधिकार एवढाच की, एका प्रसंगी मी स्वतः ऋणको होतो. पुष्कळ वर्षांपूर्वी वर्गातील फीचे पैसे कमी भरले. मी एका गरीब मुलावर आळ घेतला, त्याला सर्वांदेखत छड्या मारल्या. पंधरा दिवसांनी ते पैसे माझ्याच हजेरीपुस्तकाच्या पुठ्ठ्यात सापडले. मुलगा शाळा सोडून गेला होता. मी कोणाजवळ बोललो नाही. मास्तराची चूक झाली हे वर्गाला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढे वीसेक वर्षांनी नायगावच्या आठवडी बाजारात एका गृहस्थाने माझ्या हातातली पिशवी घेतली व मला चहाला नेले. तो तोच होता. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "गुरुजी, ते पैसे सापडले होते, हे मला तेव्हाच कळलं होतं." एवढे बोलून त्याने माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. मी क्षमा मागावयास तोंड उघडले, तोच त्याने आणखी एक चहा सांगितला.

त्या दिवशी मला प्रथम कळले की, क्षमा ही मागितल्यावर मिळणारी वस्तू नसून, आपण मागण्यापूर्वीच कोणीतरी ती करून बसलेला असतो. मी घरी आलो तो हलका होऊन नव्हे. उलट एक मोठे देणे घेऊन आलो. ते देणे त्याला परत करता येण्यासारखे नव्हते. पुढे कोणाला तरी द्यावे, एवढाच मार्ग उरला होता. निवृत्त होईपर्यंत नंतर कोणा मुलाला मी पुराव्यावाचून दोषी ठरविले नाही, आणि पुरावा असतानाही पुष्कळदा छडी खाली ठेवली. हे पुण्य म्हणून सांगत नाही. ती हप्त्याने केलेली फेड आहे.

रमाबाईंचेही असेच झाले असले पाहिजे. फुलमच्या घरात त्यांनी जे पाहिले आणि पुढे आठ वर्षांनी जे स्वतः अनुभवले, ते परत करावयाचे तर कोणाला? म्हणून केडगावच्या माळावर एक घर उभे राहिले, आणि त्याच्या दारावर त्यांनी आपल्या विद्वत्तेचे नाव घातले नाही, दानशूरांचे घातले नाही. आपल्याला फुकट मिळालेल्या वस्तूचे नाव घातले.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी एखादा उंबऱ्याबाहेर उभा असतो. कोणी भाऊ वाटणीवरून तुटलेला, कोणी मुलगी मनाविरुद्ध लग्न केलेली, कोणी नोकर एका चुकीवरून काढलेला. धर्म कोणताही असो, आज रात्री दार लावण्यापूर्वी त्या उंबऱ्याकडे एकदा पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.